गोमंतकांतील इन्क्विझिशन आणि अनुयायांचें ऋण

गोमंतकाच्या इतिहासाचीं साधनें चाळूं लागलें कीं, एक प्रश्न संशोधकासमोर उभा राहतो, व तो कितीही बाजूस सारला तरी फिरून येतो. धर्माच्या नांवानें जो अन्याय झाला त्याचें उत्तर कोणीं द्यावयाचें? ज्यांनीं तो स्वतः केला ते केव्हांच मातीस मिळाले. ज्या न्यायासनानें केला तें मोडलें, त्याचा वाडा जमीनदोस्त झाला, आणि त्याचे कागदही बहुतांशीं जळाले. उरला तो धर्म, आणि उरले त्याचे अनुयायी. तेव्हां आज आपल्या गांवच्या चर्चमध्यें गुडघे टेकणाऱ्या गोमंतकीय ख्रिस्ती मनुष्यानें अडीचशें वर्षांच्या त्या करणीचा जाब द्यावा कीं काय?

हा प्रश्न आम्ही केवळ तत्त्वचर्चा म्हणून हातीं घेतलेला नाहीं. जुने कागद संग्रहीं बाळगणारांस तो नित्याच्या व्यवहारांत भेटतो. कोणता कागद छापावा, कोणता झांकावा, पूर्वजांच्या कोणत्या कृत्याची नक्कल बाहेर जाऊं द्यावी, ह्याचा निर्णय करतांना प्रत्येक जण कळत नकळत ह्याच प्रश्नाचें कांहींतरी उत्तर देत असतो. म्हणून प्रथम गोव्याचें प्रकरण साधार तपासावें, आणि त्यांतून जो नियम निघेल तोच पुढें आपल्या स्वतःच्या घरासही लावून पाहावा, असा आमचा विचार आहे.

(१) प्रकरणाची हकीकत

आल्बुकेर्क यानें गोवें शहर इ. स. १५१० मध्यें आदिलशाहीकडून घेतलें. पहिलीं कांहीं वर्षें नव्या राज्यकर्त्यांचें लक्ष मुख्यतः व्यापाराकडे व तटबंदीकडे होतें. इ. स. १५४० च्या सुमारास तिसवाडींतील देवळें पाडण्यांत आलीं, व पुढच्याच वर्षीं त्या देवळांच्या जमिनींचें उत्पन्न ख्रिस्ती धर्मकार्याकडे वळविण्यांत आलें. बारदेश व सासष्टी हे महाल इ. स. १५४३ मध्यें पोर्तुगीजांकडे आले. तेथील शेंकडों देवळांवर हीच पाळी इ. स. १५६६-६७ च्या सुमारास आली. कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेरण्याची म्हाळसा हीं दैवतें ह्याच धामधुमीच्या काळांत सीमा ओलांडून अंत्रुज महालांत नेण्यांत आलीं. अंत्रुज त्या वेळीं विजापूरकरांच्या अमलाखालीं होता. एका परधर्मी राजानें मोडलेल्या देवतेस दुसऱ्या परधर्मी राजाच्या मुलुखांत आसरा मिळाला, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिचें प्रयोजन पुढें येईल.

इन्क्विझिशन म्हणजे धर्मभ्रंशाची चौकशी करणारें न्यायासन. गोव्यांतील न्यायासन इ. स. १५६० मध्यें स्थापन झालें. आलैशु दियश फाल्कांव व फ्रान्सिस्कु मार्किश हे त्याचे पहिले न्यायाधीश. जुन्या गोव्यांत पूर्वीं आदिलशहाचा जो वाडा होता तोच ह्या न्यायासनास मिळाला. लोक त्यास 'व्हडलें घर' म्हणत. यूरोपियन प्रवाशांच्या ग्रंथांतून 'ओर्लें गोर' असें जें विचित्र नांव आढळतें तें ह्याच कोंकणी शब्दाचें विकृत रूप होय. मार्क्विस पोंबाल याच्या कारकीर्दींत इ. स. १७७४ मध्यें हें न्यायासन बंद झालें, इ. स. १७७८ मध्यें तें पुन्हां चालू करण्यांत आलें, आणि इ. स. १८१२ मध्यें कायमचें मोडलें. इ. स. १५६१ पासून १७७४ पर्यंत त्याच्यापुढें सोळा हजारांहून अधिक खटले चालले. देहान्ताची शिक्षा झालेले त्या मानानें थोडे. परंतु कैद, जप्ती, फटके, हद्दपारी, गलबतावरची सक्तमजुरी आणि भर समुदायांत बेअब्रू ह्या शिक्षा पुष्कळांस भोगाव्या लागल्या.

(२) 'हें राजकारण होतें, धर्म नव्हे'

आतां वादाचे दोन पक्ष पाहूं. पहिला पक्ष म्हणतो कीं, हें सर्व पोर्तुगीज राजसत्तेचें कृत्य होतें. धर्माचा येथें केवळ वापर झाला. ह्या म्हणण्यास आधार नाहीं असें नाहीं. पूर्वेकडील चर्चवर पोर्तुगालच्या राजाचा विशेष हक्क होता. धर्माधिकाऱ्यांच्या नेमणुका, त्यांचीं वेतनें व न्यायासनाचा खर्च हीं सर्व राजाच्या हातीं होतीं. गोव्याचें न्यायासन रोमच्या नव्हे तर लिस्बनच्या आज्ञेंत वागे.

तथापि कागद तपासले असतां ह्या पक्षाचें समाधान होण्यासारखें नाहीं. गोव्यांत इन्क्विझिशन पाठवावें अशी विनंती संत फ्रान्सिस झेवियर यानें इ. स. १५४६ मध्यें अंबोयना बेटावरून पोर्तुगालच्या राजास केली. त्याचा रोख त्या वेळीं हिंदूंवर नसून, बाप्तिस्मा घेऊनही मोशेच्या किंवा महंमदाच्या धर्माप्रमाणें उघडपणें वागणाऱ्या लोकांवर होता, आणि न्यायासन स्थापन होण्यापूर्वींच इ. स. १५५२ मध्यें तो वारला, हें खरें. पण मागणी धर्मोपदेशकाची होती, राजाची नव्हती, हेंही तितकेंच खरें.

ह्याहून बोलकी हकीकत सासष्टींतील आहे. राशोलच्या किल्ल्याचा कप्तान दियोगु रोद्रिगिश यानें लोटलीचें देऊळ जाळलें. गांवकऱ्यांनीं गोव्याच्या वरिष्ठ न्यायालयांत फिर्याद केली, आणि न्यायालयानें कप्तानानें तें स्वतःच्या खर्चानें बांधून द्यावें असा निकाल दिला. हा निकाल फिरला तो धर्माधिकाऱ्यांनीं व्हाइसरॉयकडे रदबदली केल्यामुळें. आणि मग पडलेलें देऊळ बांधण्याचें दूर राहून उभीं होतीं तींही पाडण्याचा हुकूम सुटला. ही हकीकत हिंदूंनीं रचलेली नाहीं. ती जेझुइटांच्याच वृत्तांतांतून आपणांस मिळते, आणि तेथें ती धर्माच्या विजयाची गोष्ट म्हणून सांगितलेली आहे. राजाचें न्यायालय न्यायाच्या बाजूस झुकलें असतां धर्मसत्तेनें त्याचा हात धरला, असें जेथें धर्मसत्तेचाच लेखक सांगतो तेथें 'हें केवळ राजकारण' असें म्हणणें शक्य नाहीं.

त्याच इ. स. १५६७ मध्यें गोव्यास भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेचे ठरावही पाहण्यासारखे आहेत. कोणासही बळजबरीनें ख्रिस्ती करूं नये असें तत्त्व परिषदेनें मान्य केलें. आणि त्याच परिषदेनें देवळें नाहींशीं करावीं, हिंदूंचे उपाध्ये व धर्मगुरु मुलुखाबाहेर घालवावे अशी मागणी केली. तत्त्व एका ओळींत व व्यवहार दुसऱ्या ओळींत. दोन्ही ओळी लिहिणारे हात एकच होते. धर्माचें तत्त्व निर्मळ होतें म्हणून धर्मसंस्था निर्दोष ठरते, हा युक्तिवाद ह्या ठरावांपुढें टिकत नाहीं.

(३) 'अनुयायी म्हणजे अपराधी'

दुसरा पक्ष ह्याच्या उलट आहे व आमच्या बाजूच्या वाचकांस तो अधिक प्रिय असतो. त्याचें म्हणणें असें कीं, ज्या धर्मानें हें केलें तो धर्म जो आजही मानतो तो त्या पापाचा वाटेकरी. ह्या पक्षाचा कैवार घेणारांनीं प्रथम एका साध्या प्रश्नाचें उत्तर द्यावें: न्यायासनापुढें उभे राहिलेले हजारों लोक कोण होते?

पहिल्या कांहीं दशकांत त्यांत मूळचे यहुदी वंशाचे 'नवख्रिस्ती' पुष्कळ होते. पुढें मात्र बहुसंख्य आरोपी येथलेच, बाप्तिस्मा घेतलेले, आणि आरोप बहुधा हाच कीं, ते गुप्तपणें जुन्या धर्माप्रमाणें वागतात. हिंदूंवर ह्या न्यायासनाचा अधिकार कांहीं बाबतींतच चाले. ख्रिस्ती मनुष्यावर तो सर्व बाबतींत चाले. इ. स. १७३६ च्या एप्रिलमध्यें ह्या न्यायासनानें काढलेला जाहीरनामा प्रसिद्ध आहे. लग्नांत हळद लावणें, विडे वाटणें, जुनीं वाद्यें वाजविणें, पुरुषांनीं धोतर व स्त्रियांनीं चोळी घालणें, अंगणांत तुळस लावणें, इतकेंच काय पण भात अळणी शिजविणें, ह्या सर्व गोष्टी ख्रिस्ती लोकांस त्यांत मना केल्या आहेत. धर्मांतरास पावणेदोनशें वर्षें होऊन गेल्यावर असा जाहीरनामा काढावा लागला, ह्यावरून हें उघड होतें कीं, छळ सोसणाऱ्या ह्या लोकांच्या घरांत आजीपणजीची चाल तोंपर्यंत जिवंत होती.

तेव्हां आजचा गोमंतकीय ख्रिस्ती हा न्यायाधीशांचा वंशज नसून बहुतेक ठिकाणीं आरोपींचा वंशज आहे. ज्याच्या पणजीनें मिठावांचून भात शिजविल्याची कबुली दिली असेल, त्याच्याच दाराशीं त्या कबुलीचा जाब मागावयास जाणें हा न्याय नव्हे.

परंतु आमचा मुख्य आक्षेप ह्याहून खोल आहे. जन्मानें अपराध लागतो, ही कल्पना कोणाची? ती त्या न्यायासनाचीच. 'कलोक्विउश' हा वनौषधींवरील ग्रंथ इ. स. १५६३ मध्यें गोव्यांत छापणारा वैद्य गार्सिया द ओर्त इ. स. १५६८ मध्यें वारला. तो यहुदी वंशाचा होता. त्याच्या बहिणीस, कातारिना हिला, यहुदी धर्म पाळल्याबद्दल इ. स. १५६९ मध्यें जिवंत जाळण्यांत आलें, आणि इ. स. १५८० मध्यें स्वतः ओर्ताचीं हाडें थडग्यांतून उकरून जाळण्यांत आलीं. दोषी ठरलेल्याच्या मुलानातवंडांस हुद्दे व मान बंद होत. त्यानें घातलेला कलंकाचा झगा त्याच्या नांवासह चर्चमध्यें टांगून ठेवण्याची चाल होती, अशासाठीं कीं, पुढील पिढ्यांनींही तो वाचावा. अपराध रक्तांतून वाहतो, मेल्यानें तो संपत नाहीं, आणि वंशजांकडून तो वसूल करावयाचा असतो, हें ह्या न्यायासनाचें शास्त्र होतें. त्या न्यायासनाचा निषेध करतांना त्याचेंच शास्त्र जो उचलतो, त्यानें 'व्हडल्या घरा'च्या एका दालनांत स्वतःसाठीं खुर्ची मांडून घेतली असें आम्ही समजतों.

शिवाय एकाच धर्माचे सर्व अनुयायी एकाच बाजूस होते असेंही नाहीं. शार्ल देलोन हा फ्रेंच वैद्य कॅथलिक होता. दमण येथें धरला जाऊन गोव्यास त्यानें ह्या न्यायासनाची कैद भोगली, आणि इ. स. १६८७ मध्यें आपली हकीकत छापून सर्व यूरोपास ह्या न्यायासनाची ओळख करून दिली. मातेउश द काश्त्रु हा गोव्यांतील ब्राह्मण घराण्यांतला ख्रिस्ती. गोव्याच्या धर्माधिकाऱ्यांनीं त्याची वाट अडविली म्हणून तो रोमला गेला, इ. स. १६३७ मध्यें बिशप होऊन परतला, आणि पोर्तुगीजांशीं वैर पत्करून आदिलशाही मुलुखांत डिचोलीस राहिला. न्यायासन प्रथम बंद करणारा पोंबालही कॅथलिकच. आणि विजापूरकर मुसलमान असून आमच्या देवता त्यांच्या मुलुखांत सुरक्षित राहिल्या, हें वर सांगितलेंच आहे. तात्पर्य, 'अमुक धर्मानें केलें' हें वाक्य संक्षेपासाठीं ठीक आहे. न्यायनिवाड्यासाठीं तें अपुरें आहे.

(४) दंड आणि ऋण

मग उत्तरदायित्व कोणाकडेच नाहीं कीं काय? तसें आमचें म्हणणें नाहीं. त्याचे थर आहेत व ते वेगळे करून पाहिले पाहिजेत. ज्यानें शिक्षा फर्मावली व ज्यानें ती अंमलांत आणली ते पहिल्या थरांतले. शेजाऱ्याच्या अंगणांतील तुळशीची खबर ज्यानें दिली तो दुसऱ्या थरांतला. ठराविक मुदतींत माहिती न देणारासच दोष लागे, ह्या धाकानें त्याचा अपराध हलका होतो, नाहींसा होत नाहीं. शिक्षेचा जाहीर समारंभ सणासारखा पाहावयास जाणारे तिसऱ्या थरांतले. देवळाच्या जमिनीचें उत्पन्न ज्या संस्थांनीं खाल्लें त्या चौथ्या. ह्या सर्वांचा जाब त्यांच्या त्यांच्या काळांतला आहे व तो त्यांच्याबरोबर संपला.

राहिला तो नंतरचा अनुयायी. त्याच्याविषयीं निर्णय करण्यास आमच्या धर्मशास्त्रांतील एक भेद फार उपयोगी पडतो. पित्याचें ऋण पुत्रानें फेडावें, असें याज्ञवल्क्य सांगतो. परंतु पित्यावर बसलेल्या दंडाची बाकी मात्र पुत्राकडून घेऊं नये, असेंही तोच सांगतो. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेंत ह्या प्रकरणाचा विस्तार आहे, आणि मराठी राज्यांतील व्यवहारांतही वारसा घेणारानें ऋण उचलावें ही समजूत सर्वत्र दिसते. दंड हा ज्याच्या त्याच्या अपराधाबद्दल असतो. तो देहाबरोबर जातो. ऋण हें मिळकतीबरोबर येतें. जो वारसा घेतो त्यानें तें घ्यावयाचें. जो मिळकत घेऊन ऋण नाकारतो तो लबाड ठरतो.

हाच न्याय धर्माच्या अनुयायास लावावा असें आम्हांस वाटतें. आजच्या ख्रिस्ती मनुष्यास इन्क्विझिशनचा दंड भरावयाचा नाहीं. पण तो जेव्हां आपल्या धर्माचीं भव्य मंदिरें, शाळा, इस्पितळें, संत आणि ग्रंथ ह्यांचा अभिमान बाळगतो, 'आमच्या धर्मानें हें केलें' असें म्हणतो, तेव्हां तो वारसा उचलतो. आणि वारशाबरोबर ऋणही उचलतो. फादर स्टीफन्सचें 'क्रिस्तपुराण' हें इ. स. १६१६ मध्यें राशोलास छापलें गेलेलें मराठी भाषेचें लेणें आहे, आणि त्याचा अभिमान ख्रिस्ती मराठी वाचकांस असणें योग्यच आहे. पण जुनीं पुराणें वाचण्याची मनाई झाल्यावर आम्हांस दुसरें कांहीं पुराण द्या, अशी मागणी करणारा श्रोता त्या ग्रंथांतच भेटतो. त्या एका मागणींत मनाई आणि ग्रंथ ह्या दोन्ही गोष्टी एकत्र आहेत. ग्रंथ आमचा व मनाई मात्र पोर्तुगीजांची, अशी वाटणी करतां येत नाहीं.

रोमच्या धर्मपीठानेंही अलीकडे जवळपास हाच भेद स्वीकारला आहे. १२ मार्च २००० रोजीं पोप दुसरा जॉन पॉल यानें सेंट पीटरच्या मंदिरांत चर्चच्या पुत्रांनीं मागें केलेल्या अपराधांबद्दल ईश्वराची जाहीर क्षमा मागितली. सत्याच्या सेवेसाठीं म्हणून जी जबरदस्ती झाली तिचाही त्यांत उल्लेख होता. त्याच सुमारास प्रसिद्ध झालेल्या धर्मशास्त्रीय टिपणांत, करणाराचा दोष त्याच्याबरोबर संपतो परंतु स्मृतीचें ओझें पुढील पिढ्यांवर राहतें, असें प्रतिपादन आहे. क्षमा ईश्वराची मागितली, छळ सोसणाऱ्यांच्या वंशजांची नव्हे, अशी टीका त्यावर झाली व तींत तथ्य आहे. पण ऋण आहे एवढें तरी मान्य झालें.

(५) ऋण कशानें फेडावें

ऋण मान्य केलें तर तें फेडावयाचें कशानें? मेलेले परत येत नाहींत व पाडलेलें देऊळ साडेचारशें वर्षांनंतर जेथल्या तेथें बांधतां येत नाहीं. आमच्या मतें इतिहासाच्या बाबतींत ऋण फेडण्याचें एकच नाणें आहे, आणि तें म्हणजे कागद.

गोव्याचें न्यायासन मोडल्यावर त्याचे कागद काय करावे असा प्रश्न निघाला. व्हाइसरॉय सार्झेदशचा कौंट याच्या अमदानींत ते जाळण्याची परवानगी मिळाली व खटल्यांचीं मूळ प्रकरणें त्यांत नाहींशीं झालीं. लोकांच्या अब्रूस धक्का लागूं नये हें कारण पुढें करतां येण्याजोगें होतें. पण फळ काय झालें? ज्यांचा छळ झाला त्यांची कैफियत जळाली. ज्यांनीं छळ केला त्यांचीं नांवें इतर दप्तरांतून सन्मानानें शिल्लक राहिलीं. पहिला अन्याय न्यायासनानें केला. त्याची साक्ष जाळून दुसरा अन्याय त्याच्या मागाहून आलेल्यांनीं केला, आणि हा दुसरा करतांना कोणाचाही त्यांच्यावर जुलूम नव्हता.

दैवाची गोष्ट अशी कीं, जें शिल्लक राहिलें तें जुलूम करणारांच्याच टापटिपीमुळें. जुवांव देल्गादु फिगैरा ह्या न्यायासनाच्या अधिकाऱ्यानें इ. स. १६२३ पर्यंतच्या सुमारें ३८०० प्रकरणांची एक यादी कामाच्या सोयीसाठीं तयार केली होती. ती आज लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे, आणि जळालेल्या प्रकरणांतील माणसें नांवागांवानिशीं तींतूनच भेटतात. न्यायासनाचा पत्रव्यवहार रिओ द जानेरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे. सासष्टी व बारदेशांतील मोडलेल्या देवळांचीं व त्यांच्या जमिनींचीं नांवें आपणांस कळतात तीं त्या जमिनी ताब्यांत घेतांना केलेल्या 'फोराल' नांवाच्या सरकारी खतावण्यांतून. पोर्तुगालांत ब्रागा येथील ग्रंथालयांत सोळाव्या शतकांतील रामायण-महाभारताच्या कथांचीं कोंकणी-मराठी हस्तलिखितें रोमन लिपींत आहेत. तीं मिशनऱ्यांच्या उपयोगासाठीं उतरलेलीं होतीं. आमच्या जुन्या गद्याचा हा नमुना, ग्रंथ जाळणाऱ्यांच्याच पेटींत सुरक्षित राहिला!

म्हणून अनुयायाचें कर्तव्य आम्हांस असें दिसतें: जें उरलें आहे तें उघडें ठेवावें, अभ्यासकांस दाखवावें, आणि तें वाचतांना आपल्या धर्माची वकिली करूं नये. रोमच्या जुन्या धर्मन्यायालयाचें दप्तर इ. स. १९९८ मध्यें अभ्यासकांस खुलें झालें, हें आम्ही क्षमायाचनेहून मोठें कृत्य समजतों.

(६) आपलें घर

आतां ठरल्याप्रमाणें हाच नियम आपल्या घरास लावूं. इ. स. १७३९ मध्यें चिमाजी आप्पानें वसई घेतली. त्या मोहिमेच्या मराठी कागदांत व बखरींत फिरंग्यांच्या धर्मच्छळाची तक्रार ठळकपणें येते, आणि ती खोटी नव्हती. विजयाची खूण म्हणून तिकडील चर्चच्या घंटा देवळोदेवळीं लागल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतील घंटेवर इ. स. १७२१ हें साल आजही वाचतां येतें. ती वाजवितांना आम्ही पराक्रमाचा वारसा उचलतों. पण वारसा उचलतांच ऋणही आलें, आणि तें केवळ त्या घंटेपुरतें नाहीं.

सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत, इ. स. १७८३ च्या सुमारास, पंढरपूरच्या बडव्यांनीं तक्रार केली कीं, चोखामेळ्याच्या स्थानाशीं अस्पृश्य लोक पूजेस येतात, वाट अरुंद असल्यानें ब्राह्मणांस विटाळ होतो. सरकारांतून हुकूम सुटला कीं, त्यांनीं दूरूनच पूजा करावी, जवळ येऊं नये. येतील त्यांचें पारिपत्य करावें. चोखोबाच्या दारीं चोखोबाच्याच लोकांस मज्जाव! येथें परका राजा नव्हता, लिस्बनची आज्ञा नव्हती. तक्रार धर्माधिकाऱ्यांची, हुकूम स्वराज्याचा, आणि मूक संमति सामान्य वारकऱ्याची. लोटलीच्या देवळाची हकीकत ज्यास संताप आणते त्यानें हा हुकूमही तितक्याच सावकाशीनें वाचावा. विठ्ठलाचें मंदिर सर्वांस खुलें झालें तें साने गुरुजींच्या उपोषणानंतर, इ. स. १९४७ मध्यें. हें उपोषण करणारा पुरुष त्या हुकुमास जबाबदार नव्हता. बडव्यांच्या कुळांतलाही नव्हता. वारसा आपला म्हणून ऋण आपलें, एवढेंच त्यानें मानलें.

आणि एक कबुली आम्हांसही द्यावयाची आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही दक्षिण कोंकणांतील एका घराण्याचें दप्तर पाहण्यास गेलों होतों. रुमाल सोडल्यावर सनदा, महजर, वांटणीपत्रें ह्यांच्यामध्यें एक लहानसा बंद निघाला. फिरंग्यांच्या मुलुखांत जाऊन राहिलेला एक तरुण परत आला, त्यानें प्रायश्चित्त मागितलें, आणि गांवानें तें नाकारून त्याच्या आईसकट सर्व घर वाळींत टाकलें, असा मजकूर होता. ठराव करणारांत त्या घराण्याच्या मूळ पुरुषाचें नांव पहिलें होतें. इ. स. १६७६ मध्यें शिवछत्रपतींनीं नेताजी पालकरास शुद्ध करून घेतलें, त्याच देशांतली ही गोष्ट. यजमान वृद्ध व सालस होते. 'एवढा कागद सोडून बाकी काय हवें तें उतरून घ्या,' असें ते हात जोडून म्हणाले, आणि आम्ही त्यांच्या पाहुणचाराच्या भिडेस पडून नक्कल घेतली नाहीं. दोन वर्षांनीं पुन्हां गेलों तों बंद रुमालांत नव्हता. तो जाळला कीं फाडला हें आम्हीं विचारलें नाहीं. त्या आईचें नांव आम्हीं एकदां वाचलें होतें. तें आतां आमच्याही स्मरणांत नाहीं.

मूळ ठरावाचें पाप आमच्यावर नाहीं, यजमानांवरही नव्हतें. पण त्या बाईचें नांव जगांतून नाहींसें होण्यास आम्ही कारण झालों, आणि त्याचा दोष आम्हांस कोणत्याही पूर्वजाच्या माथीं मारतां येत नाहीं. सार्झेदशच्या कौंटास आम्ही वर दोष दिला तो लिहितांना हा रुमाल आमच्या डोळ्यांपुढें होता.

(७) उपसंहार

निष्कर्ष थोडक्यांत असा. धर्माच्या नांवानें झालेल्या अन्यायाचा अपराध अनुयायास जन्मानें लागत नाहीं. तो लागतो असें मानणें म्हणजे इन्क्विझिशनचेंच शास्त्र मानणें होय. पण धर्माचा वारसा मिरविणाऱ्यानें त्याचें ऋण नाकारूं नये, आणि तें ऋण साक्षीपुरावा जपून व उघडा ठेवून फेडावयाचें असतें. जो साक्ष दडवितो किंवा नाहींशी करतो तो मात्र अनुयायी न राहतां भागीदार होतो, मग त्याचा धर्म कोणताही असो.

ज्यांच्या घरीं जुनीं दप्तरें आहेत त्यांस आमची हीच विनंती आहे. ग्रामण्याचे ठराव, वाळींत टाकल्याचीं पत्रें, प्रायश्चित्त नाकारल्याचे कागद, देवळाच्या वाटेवरचे मज्जाव, हे सर्व पूर्वजांच्या पराक्रमाच्या सनदांइतकेच जपून ठेवावे. छापावयाचे नसतील तर छापूं नयेत, पण नक्कल उतरून घेऊं द्यावी. पूर्वजांची अब्रू त्यानें जाणार नाहीं. आणि ज्यांची अब्रू पूर्वजांनीं घेतली त्यांचीं नांवें तरी राहतील.